वादी माझ्या स्कूटरवर

जेनीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "दादा, पप्पा गेला…" एवढंच ती बोलली आणि पुढचं तिच्या नवऱ्याने सांगितलं. मी अर्ध्या गालावर साबण घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "सुमन, वादी गेले." तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मग आम्ही दोघंही रडलो. साबण माझ्या डोळ्यात गेला होता, त्यामुळे नक्की किती कशामुळे रडलो ते सांगता येणार नाही. पास्कोल अंकल आमचे घरमालक. मला घराबाहेर काढण्यासाठी त्यांनी माझ्यावर खटला भरला, तो वर्षानुवर्षं चालवला आणि जिंकला. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव वादी आणि माझं प्रतिवादी. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज आहे की आवडतही होतं. ज्या घरातून मला काढायचा हुकूम झाला त्याच घरात बसून मी आज हे लिहितो आहे. हे कसं, ते सांगायला मागे जावं लागेल, आणि मागे गेलं की माझा गाढवपणा आधी भेटतो. त्याला इलाज नाही.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं, गिरण्यांचा संप होऊन गेला होता. अंधेरीला, मरोळच्या बाजूच्या एका जुन्या गावठाणात मी आणि सुमन लग्नानंतर राहायला आलो. डोक्यावरून विमानं इतकी खालून जायची की बोलताना मध्येच थांबावं लागे. गावठाणातली माणसं विमान गेलं की तेच वाक्य जिथे सोडलं तिथून उचलायची. मी नवखा, मी काय बोलत होतो तेच विसरायचो. पास्कोल अंकलांचं लांबट कौलारू घर होतं. एका अर्ध्यात ते, सिसिल आंटी, त्यांची शाळकरी जेनी आणि अंकलांची आई, जिला सगळं गावठाण 'माय' म्हणायचं. दुसऱ्या अर्ध्यात आम्ही. आमच्या दोन खोल्यांपुढे मोकळी ओटी, ओटीसमोर अंगणात पांढरा क्रूस, बाजूला विहीर, आणि जिथे पाऊल टाकाल तिथे बदकं. अंकलांची भातशेती कधीच गेली होती. तिथे कारखाने उभे राहिले होते, आणि अशाच एका कारखान्यात ते फिटर होते. दुसऱ्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन. घर द्यायच्या आधी त्यांनी माझी मुलाखत घेतली होती. "गाव कुठला?" "मालवणकडचा." "मासं खातो?" "रोज दिले तरी खाऊ." "मंग र्‍हा." मुलाखत संपली. इतक्या कमी प्रश्नांत मला नोकरीसुद्धा मिळाली नव्हती.

आम्ही जूनमध्ये राहायला आलो. पावसाळ्यातच माझे आईबाबा आमच्याकडे आले. बाबा गिरणीत होते, पण संपानंतर गिरणीचं दार उघडलंच नाही. परळच्या एका खोलीत थोरल्या भावाचा संसार, आणि बाबा दिवसभर त्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे बघत बसलेले. मी म्हटलं, चला माझ्याकडे. आमच्याकडे आल्यावर बाबा माणसात आले. सकाळी आरे कॉलनीच्या रस्त्याने चालायला जायचे, येताना गवती चहा घेऊन यायचे आणि बदकांशी भांडायचे. पण झोपायला जागा नव्हती. दोन खोल्यांत चार माणसं, त्यात नवं लग्न… वाचकांनी समजून घ्यावं. ही ओटी बंदिस्त झाली तर बाबांना खोली होईल, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी कागद-पेन्सिल घेतली. ड्राफ्ट्समनच्या हातात कागद-पेन्सिल आली की त्याला थांबवणारा मायेचा माणूस जवळ लागतो. सुमन तेव्हा नवी होती, तिला ते माहीत नव्हतं.

सप्टेंबरात अंकलांचं अख्खं घर नवस फेडायला वेलंकणीला गेलं. मी विचार केला, हीच वेळ. विचारत बसलो तर महिने जातील, आणि परत आल्यावर एवढी सुंदर भिंत बघितली की म्हातारा खूशच होईल. गवंडी आणला. त्याला बजावलं, काम पक्कं पाहिजे, पैसे वाचवू नकोस. भिंत सरळ चढते आहे ना ते बघायचा ओळंबा मी स्वतः धरत होतो. रोज कारखान्यातून आलो की कालच्या कामावरून हात फिरवून बघायचो. मोठी जाळीची खिडकी, नेटकं अरुंद दार, आणि अंकलांच्या अर्ध्याला जो रंग तोच हिलाही. शेवटचा हात मारून झाला तेव्हा मी अंगणात उभा राहून लांबून बघितलं. माझ्या आयुष्यात कागदावरून जमिनीवर उतरलेली ती पहिली गोष्ट होती. बाबांनी त्याच रात्री आत अंथरूण टाकलं.

आता बाकाबद्दल. ओटीवर एक लांबच लांब सागवानी बाक होता. गावठाणातल्या जुन्या चर्चची दुरुस्ती झाली तेव्हा अंकलांच्या वडिलांनी तो खांद्यावरून आणला होता. गवंड्याने आतल्या बाजूने भिंत चढवताना त्याच बाकावर उभं राहून काम केलं. परांचीचे पैसे वाचले म्हणून मी त्याचं कौतुकही केलं. अंकल परत आले, बॅग खाली ठेवली, भिंतीकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "माजा बाक?"

"आत आहे, अंकल."

"बाहेर काढ."

मी आणि बाबांनी बाक उचलला. दार अरुंद, दारासमोर ओटीचा जुना खांब. बाक सरळ येईना, आडवा येईना, उभा केला तर कौलाला लागे. अंकल अंगणात हात मागे बांधून बघत होते, सिसिल आंटी त्यांच्या मागे, आणि मागे बदकांची रांग. शेवटी मी घामाने भिजून म्हणालो, "अंकल, सुताराकडून मध्ये कापून घेतला तर…" पुढचं वाक्य विमानाने खाल्लं, ते बरंच झालं. विमान गेल्यावर अंकल एवढंच म्हणाले, "भिंत पाड."

मी तेव्हा तिशीच्या आत होतो. माझी भिंत. ओळंब्यातली. आणि आत माझ्या बापाचं अंथरूण. मी म्हणालो, "नाही पाडणार. काय करायचं ते करा. कोर्टात जा!" हे वाक्य मी त्याआधी फक्त नाटकात ऐकलं होतं. म्हणायला फार झकास वाटतं. परिणाम पुढच्या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने येतात. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं, सबब घर खाली करून ताबा द्यावा, आणि वादीचा एक बाक अडवून ठेवला आहे तो मोकळा करावा… आईने माझ्याकडून ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "मेल्या, तुका भिंत बांधूक सांगितलेला कोणी? आता बापाशीक खंय ठेवतलंस?" प्रश्न तोच होता. पुढची सगळी वर्षं तोच होता. घर गेलं तर त्या काळात अंधेरीत दुसरं मिळणं शक्य नव्हतं. आईबाबा गावाला जाणार, आम्ही विरारच्या पलीकडे कुठेतरी, आणि बाबा पुन्हा एखाद्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसणार.

माझ्या वकिलांनी मला पहिल्याच दिवशी सक्त ताकीद दिली. "वादीशी केसबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तुमचं तोंड मला बरं वाटत नाही." आम्ही ती ताकीद पाळली. म्हणजे केस सोडून बाकी सगळं बोललो. एकाच अंगणात राहून दुसरं करणार काय? आई आणि सिसिल आंटी यांनी तर खटल्याची दखलच घेतली नाही. आंटींच्या बाटलीतला मसाला आमच्या तिसऱ्या-शिंपल्यांच्या कालवणात पडत होता, आणि आमचं तिरफळ त्यांच्या बांगड्यात. पहिली तारीख पडली त्या सकाळी मी स्कूटर काढून निघालो, तर बसस्टॉपवर अंकल उभे. अंगावर काळा सूट. लग्न, मयत आणि कोर्ट, तिन्हीला तोच. बसचा पत्ता नव्हता. मी सवयीने ब्रेक दाबला.

"कोर्टात ना? बसा."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हळू घे," म्हणाले आणि बसले. वांद्र्याला कोर्टाच्या फाटकात वकील उभेच होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "अहो, वादीला डबलसीट घेऊन येतात का? तो पडला-बिडला असता तर तुमच्यावर दुसरी केस!" त्यानंतर आम्ही शहाणे झालो. कोपऱ्यावर शहाळीवाल्याकडे मी त्यांना उतरवायचो, ते चालत पुढे जायचे, मी मागून स्कूटर आणायचो आणि आम्ही कोर्टात वेगवेगळ्या बाकांवर अनोळखी माणसांसारखे बसायचो. तारीख पडली की पुन्हा शहाळीवाला. बहुतेक वेळा तारीखच पडायची. रस्ताभर ते मागून बोलायचे. कोणत्या कारखान्याखाली कोणाचं शेत आहे, कोणत्या विहिरीचं पाणी गोड होतं, कुठे त्यांनी लहानपणी खेकडे धरले. एका भल्यामोठ्या गेटाजवळून जाताना दर वेळी माझ्या पाठीवर टकटक करून सांगायचे, "इथं. इथं आमचा भात." मी दर वेळी मान हलवायचो. केसबद्दल एक शब्द नाही. भिंतीबद्दल नाही, बाकाबद्दल नाही.

पुढचा मे महिना आला तेव्हा कुठे मला तो बाक काय होता ते कळलं. मे महिन्यात गावठाणातल्या एकेका क्रुसासमोर संध्याकाळी प्रार्थना म्हणतात. तिला तिकडे लादीन म्हणतात. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे. आमच्या अंगणातल्या क्रुसाला पताका लागल्या, फुलं चढली. अंकल पुढे उभे राहिले. पुढची ओळ म्हणायचा मान त्यांच्या घराण्याचा. माणसं जमली. आणि लाल चौकड्यांची लुगडी नेसलेल्या पाच-सहा म्हाताऱ्या अंगणात आल्या, आमच्या भिंतीपर्यंत सरळ चालत आल्या आणि थबकल्या. वर्षानुवर्षं त्या ओटीवर चढून त्या बाकावर बसत होत्या. पायांना इतकी सवय होती की भिंत दिसूनही पाय तिथेच गेले. मग एकजण विहिरीच्या कठड्याला टेकली. मायने खांब धरला. मी जाळीच्या खिडकीतून बघत होतो, आणि जे समजायचं ते समजून मागे सरलो. आई पुढे झाली.

"काय गो, ह्यो म्हाताऱ्यो उभ्यो कित्याक?"

"आई, केस चालू आहे…"

"केस गेली खड्ड्यात." तिने दार उघडलं. "येवा, आत बसा."

मायने लेकाकडे बघितलं. लेकाने क्रुसाकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही… ना हो, ना नको, काहीच नव्हतं त्यात. माय आत आली. समोर आमचा देव्हारा दिसला म्हणून तिने चपला दाराशी काढल्या, मागून बाकीच्यांनीही काढल्या. सगळ्या बाकावर ओळीने बसल्या. अंकलांनी बाहेर ओळ म्हटली आणि उत्तर माझ्या खिडकीतून गेलं. पूर्ण लादीन वादीने अंगणातून म्हटली आणि प्रतिवादीच्या घराने तिला उत्तरं दिली. बाबा कोपऱ्यात हात जोडून बसले होते. चणे आम्हालाही आले. मी मूर्खासारखं हे वकिलांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "वादीची आई तुमच्या बांधकामात येऊन बसली? म्हणजे मूक संमती! हे मांडू आपण." मी म्हटलं, "नको साहेब. हे मांडलंत तर कोर्टाची गरज पडणार नाही, माझी आईच मला घराबाहेर काढेल." दर मे महिन्यात मग हेच झालं. अंकलांनी स्वतः मात्र त्या दारातून कधी आत पाऊल टाकलं नाही.

शेवटी माझी साक्ष आली. आमचा सगळा बचाव एका गोष्टीवर उभा होता. ही भिंत म्हणजे तात्पुरता आडोसा, मनात येईल तेव्हा काढता येईल असा. वकिलांनी मला चार वेळा पढवलं. "तात्पुरता आडोसा. एवढंच म्हणा. पुढे गप्प." मी पिंजऱ्यात उभा राहिलो. अंकलांचे वकील उठले, चष्मा पुसला आणि अगदी प्रेमाने विचारू लागले.

"तात्पुरता आडोसा म्हणता?"

"हो."

"म्हणजे चार विटा एकावर एक रचलेल्या?"

"हो… तसंच."

"कललेली असेल जरा?"

मी गप्प राहिलो. देवाशपथ, गप्प राहिलो.

"नवशिक्याचं काम दिसतंय. उद्या कोणी टेकलं तर कोसळायची. हो ना?"

"कोसळायची?" मी म्हणालो. "साहेब, ओळंबा लावून बांधलीय! पाव इंच फरक दाखवा, मी ड्राफ्ट्समनकी सोडतो. हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही ती भिंत!"

न्यायाधीशांचं पेन चालू लागलं. "थँक्यू," अंकलांचे वकील म्हणाले आणि बसले. माझ्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. आणि मागच्या बाकावर पास्कोल अंकलांनी काळ्या सुटाच्या खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. परतताना स्कूटरवर मागे मला हादरे जाणवू लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझी दया येऊन रडू आलंय. वळून बघतो तर तो माणूस हसून हसून लाल झाला होता. "हत्ती!" एवढंच त्यांना बोलता येत होतं. "हत्ती…!" त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी हत्ती झालो. मरेपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

निकाल विरुद्ध गेला, हे सांगायला नकोच. घर खाली करून द्यावं. वकील म्हणाले, अपील करू. माझ्यात धीर नव्हता, आणि माझ्या तोंडावर वकिलांचाही भरवसा उरला नव्हता. मी विरारकडे खोल्या बघून आलो. तिथून कारखाना गाठायचा तर पहाटे निघावं लागणार होतं. आईने भांडी गोणत्यात बांधायला घेतली. सिसिल आंटी येऊन तिला मदत करत होत्या, आणि दोघी एकमेकींकडे न बघता डोळे पुसत होत्या. बाबा चालायला जायचे बंद झाले. गावी जायचं म्हणून त्यांनी स्वतःची ट्रंक भरली होती आणि तिच्या शेजारी, बाकावर बसून असायचे. अशा एका संध्याकाळी दारात अंकल उभे राहिले. चपला काढल्या, पायाने बाकाखाली सरकवल्या, आणि बाबांच्या शेजारी बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. एक विमान गेलं, दुसरं गेलं. मग मीच तोंड उघडलं.

"अंकल, महिनाभर तरी द्या. बाबांना गावी पोचवतो, मग आम्ही निघतो."

"कोणाला पोचवतो?"

"आईबाबांना. तिकडे भाऊबंदकीचं घर आहे, एक खोली मिळेल."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्ही केस जिंकलात ना!"

"जिंकलो. मंग?"

"मग घर खाली करायला नको?"

त्यांनी बाबांकडे असं बघितलं, जणू विचारत होते, हा मुलगा तुमचाच का. "मना घर नको रे," ते म्हणाले. "घर हाय माज्याकडे. मना भिंत नको हाय. मी वकिलाकडे गेलो, बोललो, याची भिंत काढायची. तो बोलला, भिंतीची अशी केस नाय होत, भाडोत्री काढायची केस होते. मी बोललो, मंग ती कर."

मला बसायला जागा सापडेना. "अहो अंकल, मग एकदा तरी सांगायचं! इतकी वर्षं माझ्या मागे बसून वांद्र्याला आलात…"

"सांगितला की. पयल्याच दिवशी बोललो, भिंत पाड. तू काय बोलला? कोर्टात जा. मंग गेलो."

आतून आईचा आवाज आला, "मेल्या…" आणि पुढचे शब्द छापता येणार नाहीत. बाबा हसले. गिरणी बंद झाल्यापासून मी त्यांना एवढ्या मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांनी ट्रंकेवर हात मारला, आणि आईने तिकडेच गोणत्याची गाठ सोडली.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून अंकल घण घेऊन आले. मीही एक घण आणला. या वेळी मी नकाशा आधी काढून त्यांना दाखवला होता. भिंत सगळी पाडायची नाही. बसता येईल एवढा कठडा ठेवायचा, वर लाकडी झडपा. एरवी बंद केल्या की बाबांची खोली, मे महिन्यात उघडल्या की ओटी. अंकल फिटर, नकाशा त्यांना माझ्याइतकाच कळायचा. त्यांनी तो नीट बघितला आणि बोटाने दाखवलं, "दार मोठा कर. बाक बाहेर आला पायजे." मग आम्ही पाडायला घेतलं. भिंत पडेना. घण उडून परत येत होते, आमचे हात झिणझिणत होते, भिंतीला फक्त पांढरे डाग पडत होते. बाबा बाकावर बसून मुकादमासारखे सूचना देत होते. अंकलांनी शेवटी घण टाकला आणि गावठाणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "बोलव तुजा हत्ती!" दुसऱ्या दिवशी मला तोच गवंडी शोधून आणावा लागला. तो माझ्यावरच चिडला. "साहेब, पक्कं काम पाहिजे म्हणून तुम्हीच सांगितलंत."

रुंद दार बसलं त्या दिवशी मी आणि अंकलांनी बाक दोन टोकांना धरून बाहेर काढला. कुठेही न अडता आला. अंगणात क्रुसासमोर ठेवला, अंकलांनी त्यावरून हात फिरवला, एकदा बसून बघितलं. मग आत नजर टाकली. बाबा रिकाम्या जागेत उभे होते, कुठे बसावं ते न कळून. अंकल उठले. "चल, उचल. आत घे."

"आत? अहो, एवढं दार तोडलं!"

"येतो बाहेर, ते कळला ना? मंग राहू दे आत."

पुढची कित्येक वर्षं रोज संध्याकाळी ते आमच्याकडे यायचे. परवानगी कसली घ्यायची, बाक त्यांचा होता. चपला काढायच्या, बाकाखाली सरकवायच्या आणि कोपऱ्यात आमचं कपाट होतं त्या टोकाला बसायचं. झडपांकडच्या टोकाला बाबा. एकाची गिरणी गेलेली, एकाची शेतं. दोघंही गेलेल्या गोष्टींबद्दल असे बोलायचे जणू त्या शेजारच्या गल्लीत आहेत आणि उद्या जाऊन बघून येऊ. बाबा गेले तेव्हा अंकल तो काळा सूट घालून आले आणि स्मशानापर्यंत चालत आले. नंतर बाबांच्या टोकाला मी बसू लागलो. माय गेली, सिसिल आंटी गेल्या, आई गेली. जेनीचं लग्न होऊन ती मुलुंडला गेली. बदकंही गेली. आजूबाजूच्या घरांच्या जागी इमारती आल्या. अंकल मात्र काठी टेकत, भिंत धरत यायचेच. शेवटचे आले ते हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या संध्याकाळी. निघताना काठीने कठड्यावर ठोकलं आणि म्हणाले, "हत्ती, पक्का बांधलास रे." मला वाटतं, त्या भिंतीचं त्यांनी केलेलं हे एकमेव कौतुक. मी विमानाची वाट बघत राहिलो, आणि त्या एका वेळी ते आलंच नाही.

त्यांना घरी आणलं तेव्हा जेनी म्हणाली, "दादा, आमच्या बाजूला जागा नाय पुरणार. तुझ्या ओटीवर ठेवू?" आम्ही झडपा उघडल्या. शवपेटी बाकावर ठेवली. लांबीला अगदी बरोबर बसली. गावठाणातली उरलीसुरली माणसं अंगणात उभी राहिली, प्रार्थना सुरू झाली, आणि काळ्या सुटात अंकल आमच्या खोलीच्या मधोमध निवांत पडून होते. मला नको त्या वेळी नको ते सुचतं. मनात आलं, कोर्टाचा हुकूम होऊन एवढी वर्षं झाली, अखेर वादीला ताबा मिळाला. शेजारी उभ्या सुमनकडे बघितलं तर तिच्याही डोळ्यांत तेच. आम्ही माना खाली घातल्या. लोकांना वाटलं, फार दुःख झालंय. ते खोटंही नव्हतं.

अंकल गेल्याला महिना झाला म्हणून मिस्सा झाली त्या संध्याकाळी जेनी आमच्याकडे आली. मी मनातून धास्तावलेलो होतो. मालकीण आता ती, आणि गल्लीत बिल्डरची माणसं फिरताना मी बघितली होती. ती आली, चपला काढल्या, पायाने बाकाखाली सरकवल्या आणि कपाटाकडच्या टोकाला बसली. सुमनने पाणी दिलं. जेनीने पदराने वारा घेतला आणि म्हणाली, "दादा, या कोपऱ्यात एक खिडकी पाडून घे ना. तू आणि वहिनी कुठे जाणार आता, इथेच राहायचं, तर नीट तरी राहा. पप्पा रोज घरी येऊन बोलायचा, तिथे बसून जीव उकडतो."

"मग मला का नाही बोलले कधी?"

"मी पण तेच विचारलं. तर बोलला, हत्तीला भिंतीचं काय सांगू नको. लगेच बांधायला घेतो."

सुमन इतकी हसली की तिला ठसका लागला. माझा हात आपोआप कपाटातल्या मापाच्या टेपकडे गेला होता, तो तिने हसता हसताच धरला. जेनी गेल्यावर मी उठलो आणि कपाटाकडच्या टोकाला जाऊन बसलो. तिथे मी कधीच बसलो नव्हतो. झडपा सगळ्या उघड्या होत्या, समोर अंगणात चिंचेची पानं हलताना दिसत होती, पलीकडच्या माझ्या रिकाम्या टोकावर वर्तमानपत्र फडफडत होतं. इथे मात्र कपाटाच्या आडोशाला वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही… इतकी वर्षं… दोन मिनिटांत माझा शर्ट पाठीला चिकटला.

सुमन पंखा इकडे वळवायला उठली. तिला म्हटलं, "राहू दे. बसतो जरा असाच."